उथळ पाण्याचा हट्ट

“दोर वाढवू नको, दुर्गे. पाणी खाली गेलं त थांब. त्याच्या मांगं जाऊ नको.”

चतुराबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण पहाटे विहिरीवर दिवा ठेवताना दुर्गाबाईंच्या कानाशी सासूचा हा आवाज यायचाच. नव्या नवरीपणी, एका उन्हाळ्यात, बादली पाण्याला टेकेना म्हणून दुर्गाबाईंनी बैलाचा कासरा आणून दोराला गाठ मारली होती. सासूनं ती गाठ दातांनी सोडवली. ओरडल्या नाहीत, की माहेर काढलं नाही. नुसतं एवढं बोलल्या आणि रिकामी बादली घेऊन घरी गेल्या. त्या दिवशी घरात वरण शिजलं नाही.

पूर्णेच्या काठचा हा सगळा मुलूख खारपाणपट्ट्याचा. जमिनीत कुठंही खणा, खाली खारं पाणी. पावसाचं जे गोडं पाणी मुरतं, ते त्या खाऱ्यावर दुधावरच्या सायीसारखं धरून राहतं. साय काढावी तसंच ते वरच्यावर काढायचं. हावरेपणानं खाली गेलं की खारं वर येतं, आणि एकदा आलं की ती विहीर गेलीच म्हणून समजा. त्यामुळं या गावात विहिरीचा दोर जुना झाला की नवा वळायचा, पण आधी जुना शेजारी ठेवून मापायचा. हातभरसुद्धा वाढवायचा नाही.

गावातल्या बाकीच्या विहिरी लोकांनी केव्हाच खोल केल्या आणि घालवल्या. एकटी दुर्गाबाईंची गोडी विहीर तग धरून होती, ती शेजारच्या लवणीमुळं. लवण म्हणजे सखल जागा, बशीसारखी पसरट. पावसाळ्यात तिच्यात गुडघाभर पाणी उभं राहायचं. लव्हाळा दाटायचा, पानकणसं डोलायची, थंडीत कुठून कुठून पाखरं यायची. ते पाणी हळूहळू मुरून विहिरीची साय जाड करायचं आणि गावातल्या सगळ्या बाया, मराठ्यांच्या, माळ्यांच्या, बौद्धवाड्यातल्या, मोहल्ल्यातल्या, त्याच विहिरीवर घागर भरायच्या. सातबाऱ्यावर नाव घरचं, पण पाण्याला कोणी नाव विचारलं नव्हतं.

मग दुर्गाबाईंचे यजमान भगवंतराव असतानाच सरकारची एक योजना आली. पडीक जमीन पिकाखाली आणायची. लवणीच्या पोटातून सरकारी खर्चानं एक चर काढली गेली आणि पाणी दिवाळीच्या आत पूर्णेला जाऊन मिळू लागलं. हरभरा पेरला. पहिली काही वर्षं दाणा असा टपोरा झाला की भगवंतराव गावभर ओंजळीत घेऊन दाखवत फिरले. नंतर जमिनीवर पांढरं मीठ फुटलं. हरभरा गेला, विलायती बाभूळ माजली. विहिरीची साय पातळ होत होत अशी झाली की आता होळी झाली की बादली टेकत नाही. गाव आरओच्या कॅनवर आलं. भगवंतराव गेले, मुलगी दामिनी लग्न होऊन अकोल्याला गेली. राहिल्या दुर्गाबाई, वरचं एक कोरडं वावर, ही बाभळीची लवण आणि त्यांचे नेम.

त्यांच्या नेमांतला सगळ्यात अवघड नेम मौनाचा. पहाटेच्या आंघोळीपासून ते माध्यान्हीला बाळकृष्णाला नैवेद्य दाखवेपर्यंत त्या एक अक्षर बोलत नसत. भगवंतराव गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी हा नेम घेतला, तो कशासाठी हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. गावाला सवय झाली होती. दूधवाला सकाळी हिशेब करायचा नाही, आणि दामिनी दुपारीच फोन करायची. एरवीही त्यांचा आवाज असा, की ऐकणाऱ्याला थोडं पुढं वाकावं लागायचं.

त्या हिवाळ्यात अमरावतीहून अनीसा शेख नावाची अधिकारी आली. अकोल्याची पोरगी, मृदसंधारणाच्या कामावर नवीनच लागलेली. नवी योजना होती, जुनी पाणथळं पुन्हा जिवंत करायची. जमीन खाजगी असली तरी खर्च सरकारचा. ती दुर्गाबाईंबरोबर लवणीत फिरली, बाभळीचे काटे ओढणीतून काढत. विहिरीत डोकावली. दोर हातात धरून म्हणाली, “काकू, हा इतका छोटा का?”

दुपार झाली होती. दुर्गाबाईंनी कारण सांगितलं.

अनीसा हसली. “आम्हाला हेच पुस्तकात शिकवलं. फक्त आमचं पुस्तक जाड होतं.”

तिनं आराखडा केला तो असा: चर बुजवायची, बाभूळ मुळासकट काढायची, खालच्या अंगाला जुना बांध नीट करायचा. खोदकाम नाही. लवण उथळच राहील. जमीन दुर्गाबाईंच्याच नावावर राहील, पण त्यांनी ती नांगरायची नाही, कुंपण घालायचं नाही आणि पाण्यावर येणाऱ्या माणसाला, जनावराला वाट द्यायची. दुर्गाबाईंनी मान डोलावली होती. हे तर सासूच्या काळी होतंच. फक्त ग्रामसभेची मंजुरी तेवढी हवी होती.

आणि तिथंच काटा मोडला.

सरपंच गोवर्धन, भगवंतरावांच्या चुलतभावाचा मुलगा. त्याचं वावर लवणीच्या वरच्या अंगाला, धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून. चर झाल्यापासून त्याच्या वावरातलं पाणी झरझर निघून जायचं आणि पूर्वी जिथं त्याचा बाप नुसता चारा कापायचा तिथं तो आता कपाशी घ्यायचा. चर बुजली की ती कपाशीची पट्टी पुन्हा ओली होणार. तो काही वाईट माणूस नव्हता. काकूंचं वीजबिल ऑनलाइन तोच भरायचा. पण कपाशी ती कपाशी.

त्यानं गावात वेगळीच गोष्ट पेरली. सरकारी पैसा येतोच आहे तर उथळ डबकं कशाला? गावाच्या नावानं तलाव करू. पोकलेन लावू, खोल खणू, तीन पुरुष खोल. पाणी खालीच राहिलं की आपली पट्टीही कोरडी राहील, हा त्यातला त्याचा हिशेब. गावाला ते पटलं. खर्च करायचा तर डोळ्यांत भरेल असा करावा, नाहीतर तो खर्च कसला? “जेवढं खोल तेवढं पाणी,” असं पोरं पारावर बसून बोलू लागली. त्यांनी गोडी विहीर भरलेली कधी पाहिलीच नव्हती.

ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सभेची सूचना आली. शेजारच्या पार्बताबाई नातवाकडून ती वाचून घेऊन तडक दुर्गाबाईंच्या ओट्यावर आल्या. पार्बताबाईंचं तोंड दिवसभर चालायचं, बहुधा शेजारणीच्या वाट्याचंही त्याच बोलत.

“पायलं का व? सकाळी नऊले ठेवली सभा! आजपावतो कधी सकाळची झाली होती? दुपारी चारले होते. तुहं तोंड बंद असते म्हणून सकाळची ठेवली त्या गोवर्ध्यानं!”

दुर्गाबाई तांदूळ निवडत होत्या. दुपार होती, बोलता येत होतं, तरी त्या सुपातले खडे वेचत राहिल्या.

“आता त्या दिशी सोड एक दिस मौन,” पार्बताबाई म्हणाल्या. “देव काही हाजरी घेत नाही.”

“देव नाही घेत,” दुर्गाबाई म्हणाल्या. “मीच घेते.”

“मंग? बसशीन गप? थो म्हणन, काकू काही बोलली नाही, मंजूर.”

“म्हणू दे.”

“अव माय, म्हणू दे काय! खोल खणला तलाव त उरलीसुरली साय बी गेली तुह्या इहिरीची. मंग काय खाऱ्या पाण्यात दिवे लावशीन?”

दुर्गाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. “मी सभेत जाईन. बसून राहीन. तू फक्त माझा बाळकृष्ण वेळेवर घेऊन ये.”

पार्बताबाईंना कळायला जरा वेळ लागला. मग त्या अशा हसल्या की ओट्यावरची मांजर उठून गेली.

सभेच्या दिवशी शाळेचा वऱ्हांडा भरला. मे महिना, नऊलाच ऊन अंगावर येत होतं. गोवर्धन खुर्चीवर, शेजारी अनीसा, पुढं सतरंजीवर माणसं, एका कडेला बाया. दुर्गाबाई बायांच्या पुढं, खांबाला पाठ टेकून बसल्या. अंगावर धुतलेलं पातळ, हातात माळ.

गोवर्धननं गोड आवाजात सुरुवात केली. तलावाचं सांगितलं. जमीन गावाच्या नावानं होईल, काम मोठं होईल, बाजूला बाकं बसवू, अमरावतीहून लोक पाहायला येतील. मग वळून म्हणाला, “आमच्या काकूचा मोठेपणा, बाप्पा. काकू, तुमाले मंजूर हाये ना?”

सगळ्या माना दुर्गाबाईंकडं वळल्या.

दुर्गाबाई बसल्या तशाच बसून राहिल्या. आज मान जराशी जरी हलली तरी तिचा होकार होणार हे त्यांना ठाऊक होतं. कपाळावर माशी बसली. ती भुवईवरून चालत नाकावर आली, तरी त्यांनी तिला उडवलं नाही. नजर समोरच्या फळ्यावर, जिथं पोरांनी सुटीआधी गायीचं चित्र काढून ठेवलं होतं.

“काकू काही म्हणत नाहीत,” गोवर्धन म्हणाला. “म्हणजे मंजूर. लिहा, ग्रामसेवक.”

“थांबा,” अनीसा म्हणाली. “मालकाची संमती सभेत तोंडानं यावी लागते. त्यांच्या तोंडून.”

“अहो म्याडम, त्याहिचं मौन असते सकाळी. साऱ्या गावाले माहीत हाये.”

“सगळ्या गावाला माहीत आहे,” अनीसा शांतपणे म्हणाली, “तर मग सभा सकाळी कशी काय ठेवली?”

बायांकडून खसखस पिकली. गोवर्धननं रुमालानं मान पुसली. “उन्हाच्या आधी व्हाव म्हणून, दुसरं काय. काकू, लिहून द्या मंग.”

दुर्गाबाईंनी कागदाकडंही पाहिलं नाही. त्यांचा नेम शब्दाचा होता, मग तो जिभेवरचा असो की कागदावरचा.

“ठीक हाये. त सभा तहकूब. पुन्हा कधी घेऊ.”

“आज महिनाअखेर आहे, प्रस्ताव आजच जायला हवा,” अनीसा म्हणाली. “तहकूब केलीत तर हो-नाही काहीच पोचणार नाही. मौन कधी सुटतं?”

“माध्यान्हीले!” पार्बताबाई मागून ओरडल्या.

“मग आपण थांबू.”

असं त्या गावात पूर्वी कधी घडलं नव्हतं. सगळं गाव एका बाईच्या बोलण्याची वाट पाहत वऱ्हांड्यात बसलं. उठून जावं तर आपण नसताना काय ठरेल कोणास ठाऊक, म्हणून कोणी उठेना. दोनदा चहा झाला. कोणी शेंगदाणे आणले. ऊन सरकत सतरंजीवर आलं तशी माणसं मागं सरकत बायांच्या जवळ आली, बाया भिंतीला लागल्या. झेंड्याच्या खांबाची सावली आखूड होत होती आणि पोरं ती पायांनी मापत होती. गोवर्धन फोनवर बोलायला तीनदा बाहेर गेला आणि तीनदा परत आला. आणि दुर्गाबाई बसून होत्या, माळ सरकत होती.

मौनाचा एक गुण असतो. आपण गप्प बसलो की समोरच्याला आपल्या वाट्याचंही बोलावंसं वाटतं. लोक आपसांत बोलू लागले, आणि पहिल्यांदाच तलाव सोडून विहिरीबद्दल बोलू लागले. कोणाची आई तिथं घसरून पडली होती. कोणाच्या लग्नाला तिथलंच पाणी होतं. मोहल्ल्यातल्या जहाँआराबी म्हणाल्या, त्या पाण्याची डाळ अशी शिजायची की घोटावी लागायची नाही. एका तरुणानं विचारलं, मग एवढं होतं तर गेलं कुठं? आणि म्हाताऱ्या माणसांनी जमिनीकडं पाहिलं.

सावली खांबाच्या बुडाशी आली. पार्बताबाई घरी जाऊन एका वाटीत बाळकृष्ण, दुसऱ्या वाटीत भाकरीचा तुकडा आणि गूळ घेऊन हजर झाल्या.

“आला, आला! कोरम वाढला!” मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळा वऱ्हांडा हसला.

“गप रे मेल्या,” पार्बताबाई म्हणाल्या. “तुह्यापेक्षा थो बरा. झोपत त नाही सभेत.”

दुर्गाबाईंनी देवाला नैवेद्य दाखवला, डोळे मिटले, उघडले. गुळाचा खडा तोंडात टाकला. मग उभ्या राहिल्या. सभेत उभं राहण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

“नाही,” त्या म्हणाल्या.

आवाज हळूच होता, तरी शेवटच्या ओळीपर्यंत गेला. माणसं सकाळपासून तेवढ्यासाठीच बसली होती.

“नाही काय, काकू?” गोवर्धन म्हणाला.

“खोल नाही. गावाच्या नावानं नाही. म्याडमनं आखलं तसं करा, नाहीतर करू नका.”

“म्हणजे पैसा सरकारचा अन् वावर तुमचं?” गोवर्धन उभा राहिला. आता त्याचा गोडवा संपला होता. “उद्या तुमची दामिनी अकोल्याहून येईन अन् इकून टाकन. सरकारनं काहून खर्च कराव तुमच्या मालकीच्या जागेवर?”

“तुझ्या काकाच्या वेळी चर काढली, ती बी सरकारच्याच पैशानं. याच वावरातून. तवा कोणी नाही इचारलं, खाजगी का सरकारी.” दुर्गाबाईंनी माळ मनगटाला गुंडाळली. “पाणी घालवाले सरकारचा पैसा चालला. आणाले चालत नाही का?”

मागं कोणीतरी “हाण!” म्हणालं. पण त्याच वेळी पुढच्या रांगेतून नत्थुजी उठले. वयानं सगळ्यांत मोठे, जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात मजुरी केलेले, अंगात पांढरी बंडी. ते बोलायला लागले की गोवर्धनही बसायचा.

“बाई, माह्या मनात तुह्याबद्दल काही नाही,” ते म्हणाले. “पण माह्या गल्लीत नाली नाही. पावसाळ्यात शेण-मूत घरात येते. साऱ्या गल्लीपाशी एक गुंठा नाही. तुह्यापाशी हाये अन् सरकार बी तुलेच देते. हे मले पटत नाही.”

दुर्गाबाईंनी त्यांच्याकडं पाहून डोक्यावरचा पदर सावरला. “तुमचं चुकत नाही, मामाजी.”

“मंग देऊन टाक ना गावाच्या नावानं! तू बी मोकळी, आमी बी मोकळे.”

“गावाच्या नावानं गायरान होतं, मामाजी. तुमच्या बकऱ्या चरत होत्या तथी. कुठी गेलं?”

नत्थुजी खाली बसले. गायरान कुठं गेलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्यावर कोणाकोणाचे गोठे, कोणाचं गोडाऊन उभं होतं, आणि ती माणसं त्या वऱ्हांड्यातच बसली होती.

“गावाच्या नावानं झालं की गाव खोल खणन,” दुर्गाबाई म्हणाल्या. “खणायची हौस हाये गावाले. आपण साऱ्यांनी आपापल्या इहिरी खोल करून घालवल्या, अन् आता ही एक राहिली त तिच्या मांगं लागलो. मी मालकीण हावो म्हणून मले नाही म्हणता येते. तेवढ्यासाठीच मले मालकी पायजे. पाण्यासाठी नाही. पाणी घ्या ना! रात्रंदिवस घ्या! म्याडमच्या कागदात वाट लिहिली हाये, मी म्हणते आणिक रुंद लिहा.”

अनीसा खाली बघून काहीतरी खोडून लिहीत होती. अधिकाऱ्यानं सभेत बाजू घ्यायची नसते. तिनं चेहरा सरळ ठेवला होता, पण पेन जरा जोरात चालत होतं.

“अन् माही कपाशी?” गोवर्धननं शेवटी खरं बोलून टाकलं. “चर बुजवली त धुऱ्यापासून पट्टी बुडते माही. तिचं काय?”

“तुझ्या बापानं तथी कधी पेरलंच नाही. चारा कापे.”

“बापानं मोबाइल बी नोता घेतला!”

पुन्हा हशा. दुर्गाबाईही किंचित हसल्या. “जेवढी पट्टी ओली होईन, तेवढी माझ्या वरच्या वावरातली पेर. तासाले तास, सरीले सरी मोजून घे. मी धुऱ्यावर येऊन उभी बी राहणार नाही. अजून सांग.”

गोवर्धनला सांगायला काही उरलं नाही. पण माणसाला सांगायला काही नसलं की मग तो मतदान घेतो.

त्यानं हात वर करायला सांगितले. अनीसाच्या आराखड्याला, जसा आहे तसा, कोणाची मंजुरी? बायांच्या कडेनं हात वर गेले, जहाँआराबींचा, पार्बताबाईंचे तर दोन्ही. माणसांतून काही. मग विरोधात. ते जास्त भरले. नत्थुजींचा हात त्यांत होता. तो त्यांनी लपवला नाही, दुर्गाबाईंच्या डोळ्यांत बघूनच वर केला.

“नामंजूर,” गोवर्धन म्हणाला. जिंकलेल्या माणसासारखा काही तो दिसत नव्हता, कारण तलावही गेलाच होता. मालकिणीनं नाही म्हटलं होतं.

अनीसानं कागद मिटले. “म्हणजे निधी परत जाईल,” ती म्हणाली. “पुढं अशी योजना कधी येईल, सांगता येत नाही, काकू.”

“जाऊ दे, माय. तुझी तर काही चूक नाही.” दुर्गाबाई सभेकडं वळल्या. त्यांचा आवाज आता थोडा दमला होता, पण खाली आला नव्हता. “मामाजीच्या गल्लीतल्या नालीचा ठराव घ्या पुढच्या सभेत. दुपारी ठेवा म्हणजे मले बी बोलता येईन. अन् चर मी बुजवीन. पाऊस पडायच्या आत. साऱ्यांसमोर सांगून राहिली.”

मग मागच्या पोरांत फुसफुस झाली. साठी उलटलेली बाई, मनगटं अशी बारीक की बांगडी कोपरापर्यंत चढावी, आणि वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली चर.

“हातानं?” गोवर्धननं विचारलं.

“माझ्यापाशी पोकलेन कुठी हाये?”

“थे चर सरकारी हाये, काकू. बुजवली त गुन्हा व्हते. आपलेपणानं सांगतो. मले पोलिसात द्याव लागन.”

“दे,” दुर्गाबाई म्हणाल्या. “पण सकाळी नको देऊ. सकाळी मले जबाब देता येत नाही.”

यावर जो हशा उठला, त्यात नत्थुजीही हसले आणि हसता हसता खोकू लागले. गोवर्धन हसला नाही. पण त्यानं वहीतलं पान उलटलं आणि सभा संपल्याचं सांगितलं, तेव्हा त्याचा आवाज काकूंसारखाच हळू होता.

संध्याकाळी दामिनीचा फोन आला. गावातली बातमी अकोल्याला दुर्गाबाईंच्या आधी पोचली होती.

“आई, तू वेडी झालीस का? एवढी मोठी चर! बीपीची गोळी तरी घेतेस का? आणि पैसा आयता मिळत होता, थोडं त्यांचं ऐकायचं.”

“थोडं ऐकलं असतं तर थोडं खोल झालं असतं.”

“आणि नाही झालं पूर्ण तर? लोक हसतील.”

“हसले ना आज. काही झालं नाही.”

तिकडं दामिनीनं कॅलेंडरची पानं चाळली. मग म्हणाली, “आठवड्यानं सुट्टी मिळेल मला. येते. पण मी सांगून ठेवते, मला हे पटलेलं नाही.”

“न पटता ये,” दुर्गाबाई म्हणाल्या. “फावडं पटणाऱ्याचंच असते असं नाही.”

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळी उठल्या. आंघोळ झाली, देव झाले, विहिरीवर दिवा झाला. पाण्याचा तांब्या भरून पदराला गुळाची पुडी बांधली. कोपऱ्यातलं भगवंतरावांचं फावडं काढलं. त्याचा दांडा सैल होता, तो त्यांनी चिंधी कोंबून घट्ट केला. घमेलं पार्बताबाईंचं मागितलं होतं, ते ओट्यावर ठेवलेलं होतं आणि शेजारी स्वतः पार्बताबाई, झोपेच्या डोळ्यांनी, केस न विंचरता उभ्या.

“एवढ्या लवकर? उजाडू त दे व.”

दुर्गाबाईंनी घमेलं डोक्यावर घेतलं.

“अन् एकटीच सुरू करशीन? कोणत्या टोकाकून? कोणाले इचारलं का काही? नेशीन कुठून माती?”

दुर्गाबाई त्यांच्याकडं पाहून हसल्या. मौन लागलेलं होतं. पार्बताबाईंनी स्वतःच्या कपाळावर हात मारला.

परसाच्या बाजूनं लवण जवळ पडली असती, पायवाट झाडांच्या आडोशानं होती आणि कोणी पाहिलंही नसतं. दुर्गाबाईंनी फावडं खांद्यावर नीट बसवलं आणि पुढचं दार उघडून, गोवर्धनच्या अंगणासमोरून, ग्रामपंचायतीच्या रस्त्यानं, सावकाश चालायला लागल्या.